अमरांच्या सिनेमात मरणारा मेहुणा

…नाही, पण मी म्हणतो, एखादा सिनेमा माणसानं एकदा बघावा, फार तर दोनदा बघावा, पण तोच सिनेमा, तेच सात अमर योद्धे, तोच पूल आणि तोच डोळे चुरचुरवणारा धूर चार-चारदा बघायचा? आणि तोही ज्यातलं अवाक्षर डोक्यात शिरत नाही असा? आणि एवढं करून घरादाराची बोलणी खायची कुणी, तर जावईबापूंनी! तुम्हाला सांगतो, चष्म्याच्या दुकानातला साधा माणूस हो. सकाळी शटर वर, संध्याकाळी शटर खाली, मधल्या वेळात लोकांच्या नाकावर ती काचा बदलायची जडशीळ फ्रेम चढवायची आणि विचारायचं, "हे बरं दिसतंय… की हे? आधीचं बरं… की आताचं?" संपलं! कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, सिनेमाच्या तर वाऱ्याला नाही. आणि अशा माणसाच्या वाट्याला हे यावं? सांगा मला, यात जावईबापूंचं काय चुकलं?

सगळं मुळात झालं ते टिल्लूमुळे. टिल्लू म्हणजे जावईबापूंचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. नाव टिल्लू आणि उंची सहा फूट! लहानपणी कौतुकानं ठेवलं नाव, तेव्हा कुणाला ठाऊक हा असा ताडासारखा वाढणार आहे म्हणून. तर हा टिल्लू, गोदामातली चांगली बसल्या जागची नोकरी सोडून निघाला नट व्हायला. आणि वडील कोण? निवृत्त गणिताचे मास्तर! हयातभर फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस, त्यांच्या पुढ्यात पोरगा येऊन म्हणतो, बाबा, मी अभिनय करणार. मास्तर काही ओरडले नाहीत, आपटले नाहीत. एवढंच म्हणाले, "ज्या दिवशी पडद्यावर दिसशील, त्या दिवशी बोलेन तुझ्याशी. तोवर नाही." आणि नाही म्हणजे नाही! दोन वर्षं! टिल्लूचा फोन आला की मास्तर उठून गॅलरीत. मग सासूबाई मुद्दाम मोठ्यानं बोलायच्या, गॅलरीत ऐकू जावं म्हणून, "काय म्हणतोस? खोकला अजून आहे?" की गॅलरीतून आवाज, "त्याला सांग, गरम पाणी पी म्हणावं!" आता याला काय अबोला म्हणायचं? पण मास्तर म्हणत होते अबोला आहे, म्हणजे तो होता. आणि सासूबाई बिचाऱ्या खोली आणि गॅलरी यांच्यामध्ये टपाल वाहून वाहून वाळत चालल्या होत्या, ते जावईबापूंना बघवत नव्हतं. बघवत नव्हतं हाच काय तो त्यांचा गुन्हा!

आणि अशात टिल्लूला मिळालं काम. कशात? तर 'अक्षयवीर'च्या दुसऱ्या भागात! पहिला भाग तुम्ही ऐकून असाल, नसाल तर भाग्यवान आहात. सात योद्धे, हजारो वर्षं जिवंत, मरतच नाहीत. बाण मारा, मरत नाहीत. आगीत घाला, मरत नाहीत. कड्यावरून ढकला, खाली जाऊन आपटतात, उठतात, गुडघ्याची माती झटकतात आणि चालायला लागतात. लोक नुसते खुळावले! मग निघाला दुसरा भाग. आणि दुसऱ्यात नवीन काय? तर शत्रूही अमर! अहो, हेही मरत नाहीत, तेही मरत नाहीत, मग तीन-तीन तास लढता कशाला, बाबांनो? चहा प्या, घरोघरी जा!

पण टिल्लूचा आनंद काय वर्णावा. त्या दिवशी घरी आला, म्हणजे बहिणीच्या घरी हो, स्वतःच्या घरी कुठला जातोय, आणि म्हणाला, "भाऊजी, अख्ख्या सिनेमात मरणारा मी एकटा! बाकी सगळे अमर! आता सांगा, भूमिका महत्त्वाची आहे की नाही?" आणि लगेच मरून दाखवलं. "मध्यांतरानंतर पुलाची लढाई आहे. मी डावीकडे. भाला येतो, हा असा इथं लागतो, मी सरदाराकडे बघतो आणि म्हणतो, 'सरदार… पूल… सोडू नका!' आणि कोसळतो." कोसळला तो थेट टीपॉयवर. टीपॉयचा पाय गेला. तरी जावईबापूंनी टाळ्या वाजवल्या! बायको म्हणाली, "अहो, टाळ्या काय वाजवताय, टीपॉय!" पण पोराचा चेहरा असा फुलला होता, की जावईबापूंच्या तोंडून निघून गेलं, "टिल्लू, बाबांना मी घेऊन जातो सिनेमाला. माझ्याकडे लागलं."

माझ्याकडे लागलं! माणूस हे दोन शब्द तोंडातून काढतो आणि मग जन्मभर निस्तरत बसतो.

तर पुढे ऐका. जावईबापू गेले सासऱ्यांकडे. म्हणाले, "बाबा, तुमचाच शब्द होता. पडद्यावर दिसला तर बोलणार. आता दिसणार आहे तो." मास्तरांनी वर बघितलं, खाली बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काय करतो त्यात?" सासूबाई आतून म्हणाल्या, "भाला लागून मरतो म्हणे हो." मास्तरांनी चष्मा पुन्हा काढला, पुन्हा पुसला. मग म्हणाले, "येतो." झालं! जावईबापूंना वाटलं, जिंकलं! सगळे निघाले, मास्तर, सासूबाई, बायको, आणि न बोलावता मामा. मामा म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ, बस डेपोतले निवृत्त कंट्रोलर. आयुष्यभर गाड्यांचे नंबर पुकारल्यामुळे कानात सांगितलं तरी अख्ख्या थेटरला कळतं.

आणि पहिल्या अर्ध्या भागात काय हाल झाले जावईबापूंचे! पडद्यावर एकाच्या छातीत कुऱ्हाड बसली की मास्तर विचारायचे, "हा मेला ना आता?"

"नाही बाबा, तो अमर आहे."

"मग ओरडला कशाला?"

आता काय सांगणार? पलीकडून मामा, "अरे, हा मघाचाच ना? की दुसरा? सगळ्यांच्या दाढ्या एकसारख्याच आहेत!" पुढच्या रांगेतला माणूस वळून वळून बघतोय, बायको चिमटे काढतेय, आणि सासूबाई प्रत्येक शिपायाकडे बोट दाखवून, "हा का टिल्लू? हा का?" शेवटी मध्यांतर झालं, संपलं, आणि आला बाबा एकदाचा तो पूल! ढोल वाजायला लागले, धूर उठला, जावईबापू खुर्चीच्या टोकावर आले… आणि मास्तर उठून उभे राहिले.

"बाथरूम."

"बाबा, आत्ता?"

"मग काय उद्या?"

आता मास्तरांचे गुडघे तुम्हाला माहीत नाहीत. थेटरातल्या त्या काळोख्या पायऱ्या, हाताला कठडा नाही, डोअरकीपरची बॅटरी दुसऱ्याच कुणाच्या तरी पायाशी. माणूस पडला असता! जावईबापूंनी धरला दंड, नेलं बाहेर. आणि बाहेर गेल्यावर मास्तर काय करतात? बाथरूमकडे बघतसुद्धा नाहीत. पाण्याच्या कूलरपाशी जाऊन उभे राहिले. एक पेला पाणी प्यायले. मग दुसरा. मग भिंतीवर आग विझवायची नळकांडी होती, तिच्यावरच्या सूचना वाचायला लागले, वरपासून खालपर्यंत, नीट, शांतपणे. आतून ढोल ऐकू येताहेत, किंकाळ्या ऐकू येताहेत, जावईबापू कासावीस, "बाबा, बाथरूम तिकडे आहे."

"माहीत आहे."

"मग आत जाऊया का? टिल्लूचं आत्ताच…"

"उभं राहू द्या हो जरा." आणि थोड्या वेळानं, नळकांडीवरची नजर न काढता, "पडला असेल का आता तो पूल?"

आत येईपर्यंत पूल पडला होता. बायको डोळे पुसत होती. सासूबाईंचा रुमाल भिजला होता. आणि मामा अख्ख्या थेटरला सांगत होते, "काय मेला! असा मेला म्हणून सांगू!" झालं. ज्याच्यासाठी गेले तेच हुकलं. पण सांगा ना, म्हाताऱ्या माणसाला अंधारात एकटं सोडायचं होतं? यात जावईबापूंचं काय चुकलं?

सिनेमा सुटला. जिन्यात जो तो मत देतोय! एक म्हणतोय, "पहिल्या भागाची सर नाही." दुसरा म्हणतोय, "तलवारी झकास, गोष्ट कुठाय तेवढं शोधा." एक बाई फोनवर कुणालातरी सांगताहेत, "अगं, अमर ते, आणि मेलो आम्ही!" आणि एक कॉलेजातला मुलगा भारावून नुसता, "जबरदस्त! कळलं काहीच नाही, पण जबरदस्त!" जावईबापूंनी भीत भीत सासऱ्यांना विचारलं, "बाबा, तुम्हाला कसा वाटला?" मास्तर म्हणाले, "एसी जास्त होता."

घरी पोचतात तोवर टिल्लूचा फोन. हा तेव्हा लांब डोंगरात, कसल्याशा थंडीच्या मलमाच्या जाहिरातीला गेलेला, तिथे थेटर नाही, काही नाही, त्यानं अजून सिनेमा बघितलेलाच नाही! मग घरच्यांची मतं सुरू. सासूबाई, "बाळा, माझ्या काळजाचं पाणी झालं रे!" बायको, "टिल्लू, मी रडले." मामा तर फोनची गरज नसताना फोनवर, "भाचे, मरावं तर तुझ्यासारखं!" आणि मास्तर? गॅलरीत! सासूबाई धावल्या, "अहो, बोला ना आता, दिसला ना पडद्यावर!" मास्तर म्हणाले, "मला कुठे दिसला? मी बाहेर होतो. अट पुरी झालेली नाही."

आणि सगळ्यांच्या नजरा वळल्या कुणाकडे? जावईबापूंकडे! बायको म्हणाली, "तुम्हीच नेलंत त्यांना बाहेर!" सासूबाईंनी नुसता निःश्वास टाकला, आणि सासूचा निःश्वास म्हणजे, तुम्हाला सांगतो, त्यापेक्षा भाला परवडला. मामा म्हणाले, "दोन मिनिटं थांबवता आलं नाही तुम्हाला, जावईबापू?" अहो, थांबवायला ती काय बस आहे डेपोतली?

त्यात टिल्लू म्हणाला, "भाऊजींना द्या फोन. स्पीकर नको." आणि मग त्याचा आवाज एकदम उतरला. "भाऊजी, तुम्ही खरं सांगाल. आईचं काय, मी नुसता शिंकलो तरी तिला कौतुक. इथे एक जण म्हणतोय, पुलाची लढाई निम्मी कापली शेवटी. मी आहे ना त्यात? दिसतो ना? कारण नसेन ना भाऊजी, तर पुरे झालं आता. गोदामात विचारून ठेवलंय मी, ते परत घेतील. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो."

आता आली का पंचाईत? जावईबापूंनी काय बघितलं होतं? पाण्याचा कूलर! मेहुण्याचा जन्म एका शब्दावर टांगलेला, आणि हा माणूस सांगणार काय, तर आग लागल्यास पिन ओढावी? घाम फुटला. आणि तोंडातून निघालं, "आहेस रे! म्हणजे काय! झकास मेलास!"

त्या रात्री झोप कसली लागतेय. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक बसलंय, जावईबापू काच बदलताहेत, "आधीचं बरं की आताचं?" आणि ते गिऱ्हाईक म्हणतंय, "आधीचंच! दुसरा भाग अगदीच बंडल काढलाय!" जिकडे जावं तिकडे तोच विषय. फोन उघडावा तर मतांचा नुसता पूर. कुणी पाच तारे देतंय, कुणी अर्धा, कुणी लिहितंय, "पुलाच्या लढाईत अंगावर काटा आला," त्याखाली दुसरा लिहितोय, "मला झोप आली." पण पुलावर मरणाऱ्या उंच शिपायाबद्दल एक अक्षर नाही! जावईबापूंनी खाली खाली खाली जाऊन बघितलं. नाही. शेवटी दाराला 'जेवणाची सुट्टी'ची पाटी अडकवली आणि गेले एकटेच, दुपारच्या खेळाला.

तुम्हाला सांगतो, ज्या माणसाला एकदाही बघायचा नव्हता, तो स्वतःच्या पायानं दुसऱ्यांदा गेला! पुन्हा कुऱ्हाड, पुन्हा कडा, पुन्हा गुडघ्याची माती. पूल आला, जावईबापूंनी चष्मा पुसला, डोळे ताणले… आणि दिसलं काय? हजारो शिपाई, हजारांच्या डोक्यावर शिरस्त्राणं, ती नाकापर्यंत! वर धूर, खाली धूर. भाले उडताहेत, पण लागत कुणालाच नाहीत. 'सरदार, पूल सोडू नका' म्हणणारं कुणी नाही. जगाला दिसावं म्हणून धंदा करणारा माणूस, आणि स्वतःच्या मेहुण्याचं मरण दिसेना!

पूल संपताच उठले, घरी आले ते तडक विचारायला. बायकोला म्हणाले, "तू नक्की बघितलंस ना त्याला मरताना?" बायको म्हणाली, "म्हणजे… मी आईकडे बघत होते हो. तिला रुमाल शोधून देत होते." सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. पोटच्या पोराला भाला लागताना कुठली आई बघेल?" आता राहिले मामा. मामांना फोन लावला. मामा आधी खोकले. मग म्हणाले, "त्याचं काय झालं, मागचा माणूस माझ्या खुर्चीला लाथा मारत होता. त्याला मी वळून जरा समज देत होतो. पण आवाज ऐकला ना मी! काय आवाज होता!"

म्हणजे बघा! अख्ख्या घराचं मत पडलं, रडून झालं, कौतुक झालं, आणि पोराला बघितलं कुणीच नव्हतं! सगळ्यांनी मिळून एकमेकांच्या भरवशावर रडून घेतलं होतं. आणि खरं खोटं करायची जबाबदारी आली कुणावर? ज्यानं म्हटलं होतं, माझ्याकडे लागलं! सांगा, यात जावईबापूंचं काय चुकलं?

गेले तिसऱ्यांदा. आता तुम्ही हसाल, पण ही काही गंमत नव्हती. टिल्लू तिकडे डोंगरात एका नुसत्या थापेवर उभा होता. थेटर अर्धं रिकामं. शेजारच्या खुर्चीवर एक बाई. दिवे जायच्या आधी त्या म्हणाल्या, "अहो, चष्मेवाले ना तुम्ही?" बँकेतल्या कॅशियर बाई! दुहेरी नंबरचा चष्मा जावईबापूंनीच करून दिलेला. "तुम्हालाही आवडला का? मी एक दिवसाआड येते." जावईबापू उडालेच, "एक दिवसाआड? हा?" बाई म्हणाल्या, "घरी सासूबाईंचं हृदय, सासऱ्यांची साखर, नवऱ्याची पाठ, मुलांना सतत सर्दी. इथे येऊन बसलं की तीन तास कुणाला काही होत नाही."

तुम्हाला सांगतो, सगळ्या मतांत एवढं एकच मत जावईबापूंना पटलं.

मग त्यांनी धीर केला आणि सगळं सांगून टाकलं. मेहुणा, भाला, थाप, सगळं. बाईंनी मान हलवली. "पुलावर? अहो, पुलावर कुणीही मरत नाही. मी शपथेवर सांगते. तेच तर मला खटकतं, एवढी लढाई आणि एक माणूस जात नाही म्हणजे काय!" जावईबापूंच्या पायाखालची जमीन सरकली. कापलं! भाला कापला, वाक्य कापलं, मरण कापलं! उरलेला सिनेमा ते नुसते दगडासारखे बसून होते. आता काय सांगायचं पोराला? गोदामात जा? आणि शेवट आला. पूल जळून गेलाय, सरदार नदीकडे तोंड करून भाषण ठोकतोय, मागे सैन्य उभं, शिरस्त्राणं काढून हातात घेतलेली… आणि त्या रांगेत सगळ्यांच्या वर एक डोकं!

"तो! तो आमचा टिल्लू!"

"हा?" बाई म्हणाल्या. "याला मी खांब म्हणते."

"खांब?"

"फार ताठ उभा राहतो. पण खरं सांगू? मी दर वेळी त्याच्याकडेच बघते. बाकीचे सगळे जेवणाची सुट्टी कधी होतेय अशा चेहऱ्यानं उभे असतात. हा एकटा त्या जळक्या पुलाकडे बघतोय."

जावईबापूंनी बघितलं. खरंच की! भाषण सरदार करत होता, पण पूल गेल्याचं दुःख बघायचं तर वर, त्या सहा फुटांवर. मरायचं दृश्य कापलं, पण शेवटचं कापायला विसरले! मरणारा एकटाच होता हो सिनेमात, तोही अमर होऊन बसला!

दुसऱ्या दिवशी दुकानातूनच फोन लावला. म्हणाले, "टिल्लू, मी खोटं बोललो. तू मेलाच नाहीस रे."

"भाला?"

"नाही."

"माझं वाक्य?"

"नाही."

"मग आई रडली म्हणाली ती?"

"रडणं खरं होतं. डोळे मिटलेले होते."

"मामा?"

"मामा मागे वळले होते. तुझी ताई आईकडे बघत होती. मी आणि बाबा बाहेर होतो."

"म्हणजे," टिल्लू म्हणाला, "मी मरत नव्हतो, आणि ते बघतही कुणी नव्हतं." आणि हसायला गेला, पण ते हसणं मध्येच मोडलं. जावईबापूंनी डोळे मिटून घेतले. "भाऊजी, येऊ का मग परत?"

"ते मी कोण सांगणार रे? मला अभिनयातलं काय कळतं? मी दिसतं तेवढं सांगतो. शेवटी तू मागे उभा आहेस. नुसता उभा. पण पूल गेलाय हे तुझ्याकडे बघितल्यावर कळतं. एक बाई आहेत बँकेतल्या, त्या एक दिवसाआड येऊन तुझ्याकडे बघतात."

"नुसता उभा? दिसतो मी?"

"दिसतोस."

"स्वच्छ?"

"स्वच्छ."

टिल्लू फोन काही ठेवेना. शेवटी एवढंच म्हणाला, "बरं. इकडे हाका मारताहेत." आणि गेला.

संध्याकाळी जावईबापू सासुरवाडीला. मास्तर शब्दकोडं सोडवत होते. सासूबाई, बायको, सगळ्यांच्या देखत जावईबापूंनी सांगून टाकलं, "बाबा, टिल्लू मरत नाही सिनेमात. ते कापलं."

पेन्सिल थांबली.

"भाला?"

"लागत नाही."

"पडत नाही?"

"नाही बाबा. शेवटपर्यंत उभा आहे. धडधाकट."

मास्तर उठले. कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या. म्हणाले, "मग हे आधी सांगायला काय झालं होतं? मला काय त्या दिवशी बाथरूमला लागली होती? चला!"

सासूबाई मटकन खालीच बसल्या. "अहो, म्हणजे तुम्ही त्या दिवशी…"

"तू डोळे मिटलेस. मला मिटता येईनात, म्हणून बाहेर गेलो. आता चला, खेळ चुकेल."

आणि गेले! चौथ्यांदा! जावईबापू आणि मास्तर, दोघंच. पूल आला तशी मास्तरांनी जावईबापूंचं मनगट जे धरलं ते ढोल थांबेपर्यंत सोडलं नाही, काळंनिळं पडलं हो मनगट! आणि शेवटी ती रांग दिसली मात्र, मास्तर ताडकन उभे, गुडघे कुठल्या कुठे! "तो! तो बघा! डावीकडचा!" मागून कुणीतरी म्हणालं, "ओ आजोबा, शूऽऽ!" मास्तर गर्रकन वळले, आणि शेवटच्या बाकावरल्या पोराला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले, "माझा मुलगा आहे तो!" डोअरकीपर बॅटरी घेऊन धावला. जावईबापू खुर्चीत घसरून घसरून एवढे खाली गेले, की त्या उजेडात फक्त त्यांचं कपाळ सापडलं.

बाहेर येऊन मास्तरांनी हात पुढे केला. "लावा फोन." टिल्लूनं उचलला, तो म्हणाला, "बोला भाऊजी."

"भाऊजी नाही. मी बोलतोय." आणि मग मास्तर थांबले. दोन वर्षांचं तुंबलेलं कुठून सुरू करायचं? शेवटी म्हणाले, "सिनेमा भिकार आहे. बूड नाही, शेंडा नाही." आणि मग, "तू चांगला उभा राहिलास." तिकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज. "सर्दी झालीय का? तिथे थंडी आहे का फार? हे बघ, जावईबापूंनी सांगितलंय मला, ते गोदामबिदाम काही नको. इकडे यायचं ते जेवायला ये, नोकरीला नको. कळलं?" आणि फोन जावईबापूंच्या हातात कोंबून मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आग विझवायची नळकांडी वाचत. जावईबापूंनी तो फोन कानाला लावला, पण तिकडे नाक ओढणं अजून चालूच होतं, म्हणून नुसताच धरून उभे राहिले.

आता तुम्ही म्हणाल, झालं की छान! शेवट गोड! सुटले की जावईबापू! त्यांनाही तसंच वाटलं होतं. सासूबाई हसल्या, बायको नीट बोलायला लागली, मामा तर सांगत सुटलेत की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं पोरगा मरत नाही म्हणून! पण काल सुट्टीच्या दिवशी, जावईबापू जरा पाय पसरून आडवे होतात न होतात, तो दारात मास्तर. हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, शाल, गुडघ्याचं मलम, म्हणजे चांगला तीन तासांचा बेत.

"जावईबापू, तो पहिला भाग घरी टीव्हीवर दिसतो म्हणे. लावा."

"बाबा… अहो, पहिल्यात टिल्लू नाहीये!"

"नसू दे. पण त्या सात जणांत उठबस आहे आता त्याची. कोण माणसं आहेत, कशी आहेत, बापाला माहिती नको?"

आता यावर काय बोलणार, तुम्हीच सांगा! यात जावईबापूंचं काय चुकलं, हे विचारणंच मी सोडून दिलंय. त्यांनी पडदे ओढले, टीव्ही लावला, सासऱ्यांच्या गुडघ्याखाली उशी सरकवली… आणि बसले बिचारे. पहिल्यापासून.